दहा फुटांवरच्या खुंट्या

३ मार्च
काठाची तिसरी फेरी. वीजघराला पाणी सोडलं की जलाशय भराभर उतरतो, ओली काळी माती सुटते. कुठला काठ किती कच्चा, ते मी ठरवायचं. डिसेंबरात ठोकलेल्या बारा खुंट्या, प्रत्येक कडेपासून दहा फूट आत. कड ढासळली की अंतर कमी भरतं. बाकी सगळीकडे दीड-दोन फूट गेलंय. खुं. ५ ते ८ मात्र दहा म्हणजे दहा. कड इंचभर नाही ढासळली.

९ मार्च
सोलापूर, ऑफिस. आमच्या वरिष्ठ मॅडमना शंका, एवढं सारखं कसं? परत बघून या म्हणाल्या. मी म्हटलं, दहावी नापास आहे, पण टेप तुमच्या इंजिनियरपेक्षा नीट वाचतो. हसल्या, सही केली. ५ ते ८ चा पट्टा 'पक्का' ठरला. गंगूबाई धनगरणीला तिथं मेंढरं बसवायची परवानगी. आजवर चोरून बसवायची.
परतताना टेंभुर्णीपर्यंत खुशीत होतो. मग का कोण जाणे...

१४ मार्च
पाच दिवस चैन नाही. शेवटी गेलो.
गंगूबाई मेंढरांची वाघर ताणत होती. जाळीची दोरी माझ्या सातव्या खुंटीला. खुंटी जाळीच्या सोयीनं रोवलेली. विचारलं.
"दर खेपंला उपटतो न्हवं. पर निघताना परत ठोकतो की. तुमी कडंपासनं धा फूट मोजता, आमी बी काठीनं धा फूट मोजूनच ठोकतो. तुमचं काम बिघडाय नगं."
म्हणजे तीन महिने मी तिचंच माप वाचत होतो.
जुनी भोकं हुडकली. आठवीचं सापडलं, कडेपासून दोन फुटांवर. आठ फूट काठ गेलाय. सातवीचं भोकच नाही, कडेबरोबर पाण्यात गेलेलं.
म्हटलं, बाई, इथनं हला.
"तुमीच पक्का म्हून लिवलं न्हवं? उद्या बाळंतीण सून यायची हाय. आता कुटं जाऊ?"

१५ मार्च, सकाळ
मॅडमना पत्र. दोनदा फाडलं. दोन्हीत 'खुंट्या हलवल्या गेल्या' असं लिहिलं होतं. तिसऱ्यात: भोकं मी तपासली नाहीत, पट्टा कच्चा आहे. पाठवलं. फोन लागत नाही. वीजघरातला ओळखीचा म्हणाला, सोमवारपासून पाणी जोरात सोडणार.

१५ मार्च, दुपार
पुन्हा काठावर. सून आलेली, लेकरू झोळीत. गंगूबाईनं वाघर मागं घेतलीय. किती? दहा फूट, काठीनं मोजून.
"अजून किती मागं घिऊ, सायेब? तुमी सांगाल तितकं."
टेप हातात. उलगडून उभा राहिलो. किती ते मला सांगता येईना.