डॉगवुड ड्राइव्ह-इनची शेवटची रांग

सोमवार, ८ जून १९९८

'ब्रॅडी फोर्कच्या नागरिकांनो, कापडगिरणी आपल्याला न विचारता गेली. रेल्वे न विचारता गेली. आता आपलं डॉगवुड ड्राइव्ह-इनही —'

इथवर लिहिलं आणि अडले. गुरुवारी नगरसभेत गावकऱ्यांचं हात वर करून मतदान. गाडीत बसून बघायच्या सिनेमाचा तो उघड्यावरचा पडदा पाडून तिथे गोदाम. मला बोलायला तीन मिनिटं. गिरणीच्या संपात तासभर बोलले होते, कागद लागला नव्हता. आता सकाळपासून एवढ्याच ओळी.

मंगळवार, ९ जून

मैदानावर जाऊन आले. पडद्याचे निम्मे पत्रे उडालेत. गाड्यांच्या रांगांचे उंचवटे गवताखाली अजून पायाला लागतात. गाडीच्या काचेला अडकवायचे स्पीकर ज्यांवर टांगलेले असत ते खांब गंजून उभे, बहुतेक रिकामे.

मी पेपरात आवाहन केलं होतं — स्पीकर काचेला तसाच अडकवून गाडी हाकलणाऱ्यांनो, तो परत आणा. एकतीस आले! हॉइट गॅडिसही घेऊन आला. गोदामाचा सगळ्यात मोठा कैवारी तोच.

"वायरीसकट उपटला होता, बाई. बायको म्हणाली, माघारी फिर. म्हटलं, आता कुठल्या तोंडाने?"

"मग मत?"

"मत गोदामालाच. स्पीकर पोरांना नोकरी देत नाही."

सगळे स्पीकर सभेत टेबलावर मांडणार. अख्खं गाव एका पडद्यासमोर बसायचं, याचा पुरावा. पुरेल ना?

बुधवार, १० जून

ओटिस पर्नेल आले. बाप्टिस्ट चर्चचे जुने डीकन, म्हणजे कारभारी. म्हणाले, पेपर वाचला. हात रिकामे. मी चेष्टेने म्हटलं, "स्पीकर काढून ठेवूनच निघणारे तुम्ही एकटे शहाणे."

"आमच्या रांगेत खांबच नव्हते, मिस लोरेना. काचा खाली करायचो, पुढच्या गोऱ्या मंडळींच्या गाड्यांतून येईल तेवढं ऐकायचो. पोरं विचारायची, काय म्हणाला तो? मी मनचंच सांगायचो. सिनेमापेक्षा बरं असायचं."

ते हसले. मला हसता येईना.

"आठवत नाही? फाटकावर तुम्हीच असायचात."

आठवलं. सत्तावन्नचा उन्हाळा, मी एकोणीस वर्षांची. तिकीट फाडायचं, गाडीत वाकून बघायचं, चेहरे काळे दिसले की बॅटरीने शेवटची रांग दाखवायची. वर हसून 'गुड इव्हनिंग' म्हणायचं. आणि पुढे चाळीस वर्षं मी समतेवर भाषणं दिली.

विचारलं, "पडदा ठेवावा की पाडावा?"

"हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं," एवढं म्हणाले आणि टोपी घालून निघाले.



गुरुवार, ११ जून

भाषण फाडलं. पर्नेलना फोन केला. येतो म्हणाले. काय बोलणार, ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आज मी म्हणणार ते एवढंच:

'नागरिकांनो, माझी वेळ मी मिस्टर पर्नेल यांना देते. ते पाडा म्हणाले, तर मीही पाडा म्हणेन. त्यांचं बोलणं संपेपर्यंत कुणीही हात वर करू नका.'