वरच्या पट्टीतली शिट्टी

३ मार्च
दिग्दर्शकाने माझं पार्श्वसंगीत परत पाठवलं. म्हणे वर कुठेतरी शिट्टी वाजते, डोकं उठतं. मी पुन्हा पुन्हा ऐकलं. शिट्टीबिट्टी काही नाही. उलट व्हायोलिनं जरा दबलेली वाटली, म्हणून अजून चढवली. लोकांना कान आहेत की नुसती भोकं?

बायकोही हल्ली तोंडातल्या तोंडात बोलते.

५ मार्च, सकाळी
ठरलं! सिनेमा गेला खड्ड्यात. संगीताने आजार बरे करायचे. त्याचं ॲप काढायचं आणि धर्मादाय रुग्णालयाला फुकट द्यायचं. कला, आरोग्य, तंत्रज्ञान, सेवा, सगळं एका दगडात. दिग्दर्शक पाया पडत येईल. शिवाय उद्यापासून प्राणायाम.

६ मार्च
प्राणायाम राहिला. सतरंजी सापडली नाही.

११ मार्च
ॲप लेक बनवतेय. म्हणाली, बाबा, आधी कान तपासून घ्या. म्हटलं, ज्या कानांवर हे घर चाललं, त्यांच्यावर संशय? ती काहीतरी पुटपुटली. या घराला पुटपुटण्याची साथच आलीय.

१९ मार्च
वॉर्डात पहिला प्रयोग. थोड्याच वेळात तिघांनी डोकेदुखीची गोळी मागितली. कोपऱ्यातल्या आजोबांनी डोक्यावर उशी घेतली. मोठ्या सिस्टरना समजावलं, आजार बाहेर पडताना डोकं दुखायचंच. त्या काहीतरी म्हणाल्या. बहुधा आभार.

२६ मार्च, दुपारी
ढोल, बास सगळं काढून फक्त व्हायोलिनं ठेवली. काय यश! वॉर्ड शांत. आजोबा चक्क हसले. मी डोळे मिटून हाताने ताल देत होतो. उघडले तर लेक दारात, डोळे भरलेले. शेवटी बापाचं संगीत आहे.

संध्याकाळी
बायको समोर येऊन बसली आणि मोठ्याने बोलली. सिस्टरनी स्पीकर सुरुवातीलाच बंद केला होता म्हणे. लेकीने पाहिलं. शांततेलाच ताल देत होतो म्हणे मी. काहीही! उद्या कान तपासून दोघींची तोंडं बंद करतो.

२७ मार्च
कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. आधी जाडे आवाज आले. दाबलं. सोपं होतं. मग मशीन बंद पडलं. मी बटणावर बोट ठेवून बसून राहिलो. काचेपलीकडे लेक होती. तिला खुणेने म्हटलं, बघ यांचं मशीन. तिने मान खाली घातली. तपासणाऱ्या बाईंनी हेडफोन काढले. चाचणी संपली होती. मशीन ठीक होतं.

फार भीती वाटली. घरी येऊन लेकीला म्हटलं, दिग्दर्शकाने परत पाठवलेला तुकडा लाव. शिट्टी येईल तिथे बोट वर कर.

तिने लगेच बोट वर केलं. तुकडा संपेपर्यंत खाली आणलं नाही.