उजवा कौल

अप्पा, देवीने उजवा कौल दिला होता आणि तुम्ही घरी येऊन डावा सांगितलात. तुम्हाला वाटत होतं, देवळात तुम्ही आणि गुरव दोघेच आहात. पण तुम्ही नारळ घरीच विसरला होता, आईने तो माझ्या हाती देऊन मागून पाठवलं आणि मी खांबाआड उभी होते. दादाला काजूच्या बागेत शेजारच्या गावच्या मुलाबरोबर कुणीतरी पाहिलं होतं आणि आठ दिवस गावभर बोभाटा चालला होता. गुरव गाऱ्हाणं घालतो आहे, ‘बाय माझे, पोराला घरात ठेवायचं तर उजवा दे, काढायचं तर डावा दे.’ देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवलेल्या. उजवी गळली. कुणी शंका घेऊ नये अशी, सरळ खाली. गुरवाने तुमच्याकडे पाहिलं. ‘पाणी जास्त लागलं होतं तिला,’ तुम्ही म्हणालात. पुन्हा लाव असंही सांगितलं नाहीत. उपरणं झटकलंत आणि निघालात.

आई चुलीपुढे कुळथाची पिठी ढवळत होती. तुम्ही उंबऱ्यातूनच म्हणालात, ‘डावा दिला. हे असलं आपल्यात नसतं. देवीलाही चालत नाही.’ आईचा हात थांबला, पिठी तळाला लागली, करपल्याचा वास घरभर झाला आणि कुणीच ते भांडं खाली उतरवलं नाही. शिमग्याच्या खेळ्यांत दादा गौळण व्हायचा तेव्हा ‘हा आमचा पोरगा’ म्हणून पाहुण्यांना सांगणारे तुम्हीच. सकाळी तो राजापूरच्या एस.टी.त बसायला निघाला, तेव्हा मी वाटेत आडवी झाले. ‘आत जा गो तू,’ तुम्ही म्हणालात. मी गेले.

नऊ वर्षांनी मी बाळंतपणाला माहेरी आले होते. मुलगा महिन्याचा होता. भर दुपारी एक माणूस दादाची बॅग घेऊन अंगणात उभा राहिला. ‘ते गेले. कावीळ झाली होती. शेवटपर्यंत मी होतो जवळ,’ म्हणाला. तुम्ही विचारलंत, ‘तू कोण त्याचा?’ तो म्हणाला, ‘आम्ही बरोबर राहायचो.’ ‘बॅग ठेव आणि चालू लाग.’ बांगड्या विकणारीलाही आपल्या घरून कधी गूळपाण्याशिवाय पाठवलं नाही, अप्पा. तो माणूस मुंबईहून आला होता, वैशाखाचं ऊन होतं. त्याने माझ्या मांडीवरच्या मुलाकडे पाहून हात जोडले आणि आला तसा गेला. मी तेव्हा समजले की दादाचा खोलीतला सोबती असेल कुणी.

तो मांडीवरचा मुलगा आता चाळिशीच्या पुढे आहे. हे गेल्यापासून मी तुमच्याच घरात राहते, मुलगा मुंबईहून सणाला येतो. यंदा शिमग्याला एकटाच आला आणि चहा पुढ्यात निवत ठेवून म्हणाला, ‘आई, पोरगी लग्न नको म्हणते. पुण्यात ज्या मुलीबरोबर राहते तिच्याबरोबरच जन्म काढायचाय म्हणे. हे असलं आपल्यात नसतं. सांगून टाकलंय, घरात पाय ठेवायचा नाही.’ तुम्ही गेलात तेव्हा तो पाच वर्षांचा होता. तुमचं वाक्य त्याच्यापर्यंत कुठून पोचलं कोण जाणे, पण शब्द न शब्द तुमचा होता. मला वाटलं, बरे सापडलात.

मला तुम्ही सातवीतून काढलंत. पुढचं मी पुड्यांच्या कागदांवर वाचलं, मग ह्यांनी आणलेल्या पेपरांवर, मग वाचनालयात. आता फोनवर वाचते. पण शोधायचं तर शब्द हवा आणि माझ्याकडे एकच शब्द होता, तुम्ही दादाला हाक मारायचात तो. बायल्या. तो टाकला तर नुसत्या शिव्या आणि टवाळीचे व्हिडिओ. माझी चूक नव्हती ती, घरातून मला तेवढंच मिळालं होतं. मग मी साधं लिहिलं, ‘मुलाला मुलगा आवडतो, घरच्यांनी काय करावं.’ आणि अप्पा, दार उघडलं. मराठीत पानंच्या पानं. हा आजार नाही, याला औषध नाही, लागतही नाही, असं डॉक्टरांनी लिहिलेलं. सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा नाही असं सांगितलेलं. जुन्या देवळांवरची शिल्पं, जुन्या कथा, आपल्याकडे हे कधीपासून आहे त्याचा इतिहास. आयांनी लिहिलेली पत्रं. नात फोनवर म्हणाली, ‘आजी, मला विचारायचंस ना, मी लिंक पाठवल्या असत्या.’ म्हटलं, ‘तू तुझ्या बाजूचं पाठवलं असतंस. मला वकिलासारखं तयार व्हायचंय.’ ‘कुणाविरुद्ध गं?’ ‘आहे एक जुना पक्षकार.’

त्यातच एका माणसाने लिहिलं होतं. बावीस वर्षं बरोबर राहिले, जोडीदार वारला, घरच्यांनी याला दारातूनच परत पाठवलं. तो कुणी दुसरा, दुसऱ्या गावचा. पण मी फोन खाली ठेवला आणि अंगणाकडे बघत बसले. आपल्याकडे आला होता तो दादाचा जोडीदार होता. माझ्या भावाचं सुतक ज्याला खरं लागलं होतं तो उन्हात उभा होता आणि मी पाणी दिलं नाही. या फोनवर जगातलं सगळं सापडतं. तो माणूस सापडत नाही, कारण तुम्ही त्याचं नावसुद्धा विचारलं नाहीत.

दुसऱ्या दिवशी राजापूरला जाऊन कागद काढून आणले. झेरॉक्सवाला पानं जुळवताना म्हणाला, ‘काकी, प्रोजेक्ट कोणाचं?’ ‘माझ्या बापाचं,’ म्हटलं. संध्याकाळी पडवीत, तुम्ही जिथे पोथी वाचून घ्यायचात तिथेच, मुलाला बसवलं. ‘वाच.’

‘मनात वाचतो.’

‘मोठ्याने. तुझ्या आजोबांना मनातलं चालत नसे.’

दोन पानांवर अडला. ‘आई, हा शब्द मी तुझ्यासमोर कसा उच्चारू?’

‘समलिंगी. मी उच्चारला. आता तू.’

तुम्ही आम्हाला अडखळल्यावर ओळ पहिल्यापासून वाचायला लावायचात, तशी मी त्याला लावली. आवाज चढवून, तुमच्या फोटोच्या दिशेने. मजा आली, खोटं कशाला बोलू. त्या माणसाच्या लिहिण्यापाशी आल्यावर मी थांबवलं आणि त्याला कौलाचं सांगितलं, अंगणातलं सांगितलं, त्याला पाहून जोडलेले हात सांगितले. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, तोंडावर उपडा हात धरून बसला. मग म्हणाला, ‘म्हणजे देवीला चालत होतं?’

‘चालत होतं.’

‘मग उद्याच लावू कौल. पोरीचा. देवीने उजवा दिला की माझ्या मनातलं जाईल आणि गावाचंही तोंड बंद.’

मी नाही म्हटलं. तो हट्टाला पेटला, ‘आता का? तूच तर सांगतेस!’ मी म्हटलं, ‘देवीला त्रास नको. विचारायचं तर पोरीला विचार, दोघी मिळून कधी येताय, फणस उतरवायचे ठेवते.’ मग अंगणात जाऊन फोन लावला. पडवीत ऐकू आलं, ‘जेवलीस का?’

हे पत्र कुठे पाठवायचं असतं तरी पाठवलं नसतं, कारण शेवटचं तुम्हाला कळलेलं मला नको आहे. मी कौल लावू दिला नाही तो देवीवर विश्वास नाही म्हणून नाही. डावी पाकळी गळेल याची मला भीती वाटली. गळली असती, तर मीही घरी येऊन उजवी सांगितली असती.