कळवलेलं माप

दि. ४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी ठकी अजून फौजेतच आहे, पळून आलेली नाही, हे आधी सांगते. सोलवटलेले पाय आता बुटांना सरावलेत.

रडगाणं एकच. इथे आलेल्या आम्ही पहिल्याच मुली, त्यामुळे वर्दी पुरुषांच्या मापाची मिळाली. खांदे उतरतात ते परवडलं, पण पँट आसनात अशी धरते की भिंत चढताना गुडघा वर येतच नाही. दरवेळी अर्ध्यातून खाली येते आणि मुकाट्याने रांगेच्या शेवटी जाते. महिनाअखेरीस परीक्षा आहे. भिंत राहिली तर घरी पाठवतील. बाहेरून दिसणार नाही अशी दुरुस्ती किंवा हुबेहूब तशीच दुसरी पँट चालेल, असं हवालदारबाई म्हणाल्या. पण इथला शिंपी बटणांपलीकडे जात नाही.

बाबांना कोणत्या तोंडाने सांगू? जायचं तर जा, मी तिकडे पाऊल ठेवणार नाही, म्हणाले होते. तेव्हापासून एक ओळ नाही. खाली मापं लिहिली आहेत. एक पँट तू शिवशील का? असं हरून परत यायची मला फार भीती वाटते.

माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ठकी

दि. ९ मार्च

चि. ठकीस,
अ. उ. आ.

अगं, मी जन्मभर तुझ्या बाबाच्या दुकानात काजं-बटणं केली. मी शिवलेली पँट घालून तू भिंतीवर नाही, थेट दवाखान्यात पोचशील! म्हणून तुझं पत्र दुकानात मोठ्याने वाचलं. ऐकत नाही असं दाखवायला तो मशीन जोरात हाणत होता. आसनाचं वाचलं आणि मशीन थांबलं. कापणाऱ्याला अक्कल आहे का, म्हणाला, आसनात जादा कापडाची कळी टाकल्याशिवाय गुडघा उचलेलच कसा! तू गेल्यापासून तुझ्याबद्दल पहिल्यांदाच बोलला. मी सुई बोटात खुपसून घेतली.

मग शिव की, म्हणून मापं पुढे केली, तर पाहिलीसुद्धा नाहीत. त्याचा नेम तुला ठाऊक आहे, स्वतः टेप लावल्याशिवाय कापडाला कात्री नाही. मी खूप भांडले. आता दोन्ही बाजूंनी अबोला आहे आणि चहा मात्र मीच करते. तू धीर सोडू नकोस.

आठवण काढत राहा, आम्ही काढतोच.
तुझी आत्या

दि. १२ मार्च

चि. ठकीस,
आशीर्वाद.

मापं पाहिली. कंबर चुकली आहे. तू टेप पहिल्यापासून ढिलीच धरतेस.

कळवलेल्या मापावर मी कापत नाही. लेकीसाठीही नाही. रविवारी तिथे भेटायला येऊ देतात, असं आत्याला चौकशीत कळलं आहे. टेप, कात्री, कापड आणि हातमशीन घेऊन निघतो आहे. पहारेकऱ्याला सांगून ठेव, कात्री काढून घेऊ नकोस म्हणावं. बाकीच्या मुलींनाही आपापली पँट घेऊन बसायला सांग, भिंत त्यांनाही असेलच.

पाऊल ठेवणार नाही म्हणालो होतो, ते लक्षात आहे. तू घरी यावीस असं मला रोज वाटतं. पण पँटने अडवलं म्हणून नको.

तुझा बाबा