बुरानला भादरलं तो उन्हाळा

१४ मार्च १९६१
अलेक्सेई साहेब रशियाला परत जाऊन तीन आठवडे झाले. भिलाईच्या पोलाद कारखान्यात भट्टीवर त्यांच्या हाताखाली दोन वर्षं काढली. जाताना कुत्रा एका अफसराला देऊन गेले, त्याने आठ दिवसांत सोडून दिला. आता तो साहेबांच्या बंद बंगल्याच्या फाटकाशी पडून असतो. माळी म्हणाला, "बाबू, सोमवार को कुत्ता पकडनेवाली गाडी आएगी." घरी आलो. जेवण गेलं नाही.

१६ मार्च
आणला. दोरी हातात, सायकल ढकलत दोन मैल. नाव बुरान. दुभाष्याने सांगितलं, लायका जात आहे, सैबेरियात अस्वलाच्या शिकारीला नेतात. पांढरी-करडी दाट लोकर, शेपटी वळून पाठीवर. बुरान म्हणजे बर्फाचं वादळ म्हणे. इथे बर्फ दिसतो तो फक्त सरबताच्या गाडीवर.
कमल दारातच आडवी. "आपन तिघं या दोन खोल्यांत मावून नाही राहिलो, अन् हे अस्वल कुठं ठेवता?"
बायकोचं बरोबर आहे. पण आणला.
बाबांनी ओट्यावरून एकदा पाहिलं, पुन्हा रस्त्याकडे तोंड. आई गेल्यावर दिवाळीनंतर त्यांना गावाहून घेऊन आलो. तेव्हापासून तिथेच बसतात.

१९ मार्च
तीन दिवस कुत्र्याने तोंडाला काही लावलं नाही. मी समोर बसून चुचकारत होतो. बाबा म्हणाले, "उठ तू. असं समोर बसलं का मुकं जनावर खात नाही." जर्मनच्या ताटलीत दूध-भात कालवला, ठेवला आणि त्याच्याकडे पाठ करून बसले. अर्धा तास. मग लपलप आवाज.
"चांद्या बी असाच होता," एवढंच बोलले.
चांद्या म्हणजे त्यांचा शेवटचा बैल.

२ एप्रिल
कुत्रा रोज संध्याकाळी दोरी तोडतो नि बंगल्याच्या फाटकाशी जाऊन बसतो. बाबा काठी घेऊन आणायला जातात. चार महिने ओट्यावरून न हललेला माणूस रोज चार मैल चालतो! कमल हसली, "कुत्र्यानं मामंजीले पोसलं."
वाटेत रिसाली गावात थांबतात, म्हशी बघतात. तिथल्या एका राऊताशी, म्हणजे गवळ्याशी, दोस्ती झाली. हा छत्तीसगढी बोलतो, हे आपली मराठी, दोघांचं छान चाललंय.
आज बाबा विचारत होते, रशियाने यानातून आकाशात पाठवली ती कुत्री याच जातीची का? म्हटलं, तसंच नाव होतं.
"तिले वापस आनलं का मंग?"
"नाही बाबा. तशी सोयच नव्हती."
"सोय नव्हती," म्हणाले.

१७ एप्रिल
ऊन तापलं. बुरान मोरीत पडून धापा टाकतो. जीभ केवढी बाहेर. बाबा त्याच्यावर तांब्या तांब्या पाणी ओततात, ते लोकरीवरून घरंगळून जातं.

२३ एप्रिल, रविवार
सकाळी पाळीला निघताना बाबा म्हणाले, "याले भादरून टाकू का? उन्हाळ्यात म्हशी नाही का भादरत आपन. रजई घालून हिंडून राहिला बिचारा."
मी सायकलवर टांग टाकून म्हटलं, "करा. तुम्हाला जनावरातलं माझ्यापेक्षा कळतं."
दुपारी आलो तर ओळखू येईना. सगळा गुलाबी, किडकिडीत, कान तेवढे मोठे. राऊताची कातर आणि वस्तरा आणला होता. भादरला, तळ्यावर नेऊन घासून धुतला, अंगाला तेल चोळलं, तासभर काठावर उन्हात सुकवला. म्हशीचं करतात तसं सगळं, पायरी न चुकता. बाबा कधी नव्हे इतके खूष. "आता पाह्य कसा मोकळा."
कुत्रा पलंगाखाली. बाहेर येईना.

२४ एप्रिल
पाठीवर फोड. हात लावू देत नाही.

२५ एप्रिल
फोड फुटले. ताप. पाणीही नको. दुर्गहून ढोरांचा डॉक्टर आणला. त्याने बघितल्या बघितल्या विचारलं, "किसने काटे इसके बाल? अरे भाई, धूप तो इन्हीं बालों से रुकती थी. ऊपर से तेल!"
बाबा दाराशी उभे होते. मी "मी कापले" म्हणायला तोंड उघडलं, त्याआधी तेच म्हणाले, "मी."

२६ एप्रिल
राऊत दुधाबरोबर बघायला आला. कपाळावर हात मारून म्हणाला, "कुकुर ल भंइस समझ ले हस का बबा?" कुत्र्याला म्हैस समजलास का. त्याने हसण्यावारी नेलं होतं. बाबा आत निघून गेले.

२९ एप्रिल
बाबा जेवत नाहीत. बुरानजवळ जमिनीवर बसून असतात, ओल्या पंच्याने वारा घालतात, फोडांवर मलम लावतात. कमल ताट घेऊन गेली. "मामंजी, तुम्ही नाही खाल्लं तर तो बी नाही खाणार." दोन घास खाल्ले. मग तिलाच म्हणाले, मला नाही:
"साठ वर्ष ढोरायत गेले माहे, सुनबाई. तेवढंच येत होतं मले."
मी स्वयंपाकघरात उभा होतो. पाणी प्यायला गेलो होतो, प्यायलो नाही.

७ मे
बुरानने चार चमचे ताक घेतलं. डॉक्टर म्हणतो, वाचेल असं वाटतं.
बाबा म्हणतात, हा उभा राहिला की मला तुमसरच्या गाडीत बसवून दे, पुढे गावाला मी जातो. गावात कोण आहे? घराला कुलूप. पण एकच धरून बसलेत, "शहरात मी काय कामाचा."

१२ मे
आज लिहितोच. चांद्याला विकायला लावला तो मी. "बाबा, तुम्ही भिलाईला येणार, बैलाला कोण बघेल?" गोष्ट खरी होती. पण विकल्यावर तिसऱ्या दिवशी चांद्या पाच कोस चालत परत आला, पहाटे गोठ्यासमोर उभा. बाबा माझ्याकडे बघत होते. मी घड्याळाकडे. संध्याकाळची गाडी गाठायची होती. बाबांनी स्वतः त्याचं दावं धरलं आणि नेऊन दिला. परत आले, गाडीत बसले.
त्या दिवशी मी "राहू द्या" म्हटलं असतं तर...

१८ जून
उकाडा ओसरला. बुरानच्या अंगावर लव आली आहे, हात फिरवला की मऊ लागते. बाबांच्या मागे मागे फिरतो. गावाचं नाव बरेच दिवस निघालं नाही. मी मुद्दाम काढत नाही.

२ जुलै
संध्याकाळी बुरान पळाला. बाबा आणायला गेले, रिकामी साखळी घेऊन आले. बंगला उघडलाय. नवीन रशियन साहेब, बाई. "बाई काहीतरी बोलली त्याच्याशी. कान ताठ झाले त्याचे. इतक्या दिवसांत माह्या बोलन्यावर कदी झाले नाही." साखळी खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "शेपटी बी हालवली."

३ जुलै
दुभाषी भट्टीवर येऊन सांगून गेला. बाईला कुत्रा ठेवायचा आहे. त्यांच्याकडे गार खोली आहे, वाळ्याचे पडदे आहेत. पण आम्ही मागितला तर परत देतील.
घरी सांगितलं. म्हटलं, "बाबा, आपला आहे तो. उद्या जाऊन आणू."
"नको. त्याची बोली समजनारं मानूस भेटलं त्याले." मग, "माहं तिकीट काढ."

५ जुलै
कमलने ताट माझ्यापुढे आदळलं. "सगळ्याइले तुम्ही नुसते नेऊन सोडता," म्हणाली. तिकीट काढलं. शनिवारचं. बाबांना अजून दिलं नाही, शर्टाच्या खिशात आहे.

६ जुलै
पाळीवरून आलो तर बाबा ओट्यावर. पण रस्त्याकडे तोंड नाही, पाठ. शेजारी जर्मनची ताटली, दूध-भात कालवलेला. दाराची कडी काढलेली.
मी म्हटलं, "तिथे पोटभर मिळतं त्याला, बाबा."
"मालूम हाय."
"मग हा दूध-भात कशाला?"
त्यांनी ताटलीवरची माशी हाकलली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "चांद्या आला तव्हा मी नेऊन देल्ला. हा आला तं नाही देत."
मी त्यांच्या शेजारी बसलो. मीही पाठ करून. शनिवारला अजून एक दिवस मध्ये आहे.