स्टीलच्या ड्रमचं झाकण

रवि. ८ फेब्रु.
सुधाकर सकाळी बायकोशी, कुंदाशी भांडून गेला. सुटीच्या दिवशीही गळ घेऊन मासे धरायला पळतो, यावरून. माझा धाकटा भाऊ, पंचेचाळिशीचा झाला, पण रुसायची सवय लहानपणचीच. जेवायला आला नाही. कुंदा दुपारभर फोन लावत होती. घंटी जात होती, उचलत कोणी नव्हतं. सहानंतर फोन बंद.
रात्री कळलं, त्याची मोटरसायकल रसमड्याच्या जुन्या खदानीजवळ रस्त्यावर उभी आहे. खदान बंद पडून वर्षं झाली, पाण्यानं भरलेली.

सोम. ९
पोलीस आणि दोन गोताखोर, म्हणजे पाणबुडे. कुंदाने सांगितलं, अंगात लाल स्वेटर आहे. दोघं चारदा खाली गेले. एक जण वर येऊन म्हणाला, "बहुत नीचे झाड़ी में कुछ काला-काला अटका है. लाल कुछ नहीं दिखा."
कुंदा काठावरून हलेना. मला बघवेना. थानेदारांना म्हणालो, साहेब, फोन पाण्यात असता तर दुपारभर घंटी गेलीच नसती. पाणी रेडिओच्या लहरी खाऊन टाकतं. तीस वर्षं स्टील प्लांटच्या टेलिकॉममध्ये वॉकीटॉकी दुरुस्त केले, एवढं तर कळतं. त्यांनी विचारलं, "पक्का?" मी म्हणालो, पक्का.
सेक्टर २ ला घरी येऊन कुंदालाही करून दाखवलं. सुधाकरला मासेमारीसाठी घेतली होती तशीच गळ्यात अडकवायची, पाणी न शिरणारी प्लास्टिकची थैली माझ्याकडे आहे. तिच्यात माझा फोन घातला, दगड बांधला, स्टीलच्या ड्रमात पाण्याखाली सोडला. झाकण ठेवलं. म्हटलं, लाव आता. तिच्या फोनमधली बाई म्हणाली, पहुँच से बाहर.
"म्हंजे ते पान्यात नाईत नं, दादा?"
"नाही."
केवढ्या ठसक्यात बोललो.

मंगळ. १०
गोताखोर परत पाठवले. पोलीस आता स्टेशनं, बसस्टँड बघतात. मी नागपूर, वर्धा, बोरसीचा साडू, सगळीकडे फोन केले. कुठंच नाही.
येऊ दे एकदा, कानाखाली काढतो.

बुध. ११
कुंदाने आज पहिल्यांदा पोळी खाल्ली. सुधाकरचे कपडे धुऊन वाळत घातले. शेजारणीला सांगत होती, "दादायनं फोन पान्यात टाकून दाखवलं. ते पान्यात नाईत. रुसून गेले, येतीन." मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, अभिमानही वाटला.

गुरु. १२
थैली सापडली.
खदानीवर मासे धरणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या गळाला तिची दोरी अडकली. आत सुधाकरचा फोन, कोरडा, बॅटरी संपलेली. पोलिसांनी मला ओळखायला बोलावलं. म्हातारा पुन्हा पुन्हा सांगत होता, "माड़ी भर पानी मं रिहिस साहब." गुडघाभर पाण्यात.
मी म्हणालो, फोन बंद पडल्यावर कोणी टाकला असेल. म्हातारा हसला. "कम पानी मं तो बाजथे. मोरो गिरे रिहिस, बाजत रिहिस." कमी पाण्यात वाजतोच, त्याचाही पडला होता तेव्हा वाजत होता.
थानेदारांनी माझ्याकडे बघत थैली बांधून ठेवली. रागावले असते तर बरं झालं असतं.
कुंदाला अजून सांगितलेलं नाही.

शुक्र. १३
कुंदा मंदाकडे, माझ्या बायकोकडे, स्वयंपाकघरात होती तेव्हा न्हाणीघराचं दार लावून घेतलं. प्लास्टिकची बादली, काठोकाठ पाणी, तळाशी थैलीत फोन. मंदाच्या फोनवरून लावला. वाजला. पाण्यातून बारीक, पण वाजला.
मग स्टीलचा ड्रम. झाकण न ठेवता. वाजला.
झाकण ठेवलं. पहुँच से बाहर.
ड्रम रिकामा केला. थेंब पाणी नाही. फोन आत, झाकण वर. पहुँच से बाहर.
पाण्याने काही अडवलं नव्हतं. स्टीलने अडवलं. आईनं हाताला लावलेली सवय, पाण्याचं भांडं उघडं ठेवायचं नाही. सोमवारी झाकण मी ठेवलं हे मला धड आठवतही नाही, इतका तो हात आपोआप गेला. जन्म पोलादाच्या कारखान्यात गेला, पोलादाच्या डब्यात सिग्नल मरतो हे शिकाऊ पोरांना मीच शिकवत होतो.
आणि पाणी? ते लहरी खातं हे खरंच. पण किती पाणी, कसलं पाणी? खारं पाणी वितीभरातच गिळतं, गोडं हळूहळू. गुडघाभर गोडं पाणी, समोर रसमड्याचा टॉवर. वाजणारच होता.

दुपारी
आता दुसरंही डोक्यातून जात नाही. प्रकाशही लहरच. त्यातला लाल रंग पाणी सगळ्यात आधी गिळतं. जरा खोल गेलं की लाल कापड लांबून काळंच दिसतं. हेही मला माहीत होतं. गोताखोर माझ्यासमोर म्हणाला होता, काला-काला. मी ऐकलं आणि वॉकीटॉकीच्या गोष्टी सांगत बसलो.
तो रविवारीच गेला असेल तर सोमवारी काढून काय झालं असतं, असं मन म्हणतं. पण पाच दिवस त्या थंड पाण्यात. माझ्या एका शब्दावर. सुध्या, माफ...

शनि. १४
सकाळी थानेदारांना सगळं सांगितलं. उद्या आठला गोताखोर पुन्हा येतील, मोठे टॉर्च घेऊन. त्या झाडीपाशीच जातील.
मग कुंदाला. तोंडानं सांगता येईना. प्लास्टिकची बादली अंगणात आणली, फोन थैलीत घालून तळाशी ठेवला. म्हटलं, लाव. तिने लावला. बादलीत वाजायला लागला. वाजून वाजून थांबला.
"मी दुपारभर घंटी देऊन रायली होती, तवा ते तिथंच होते?"
"फोन तिथं होता, कुंदा. तो कुठं होता ते अजून..."
"मी तर रागानं लावून रायली होती, दादा. जेवाले या म्हनून."
रडली नाही. वाळत घातलेले त्याचे कपडे दोरीवरून काढले, घडी केले. मग म्हणाली, "उद्या मी बी येतो. काळं काय सापडते ते मले पाहू द्या."
नको म्हणायला माझ्याकडे तोंड उरलेलं नाही.