अठरा सेकंद पुरतात

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. मन मोकळं वगैरे करायला नव्हे. माझं मन मोकळंच आहे. रस्ते विभागात सव्वीस वर्षं काढलेल्या इंजिनिअरकडे नोंदी असाव्यात, एवढंच. संकल्प: साखर बंद. सकाळी फिरणे. हॉस्पिटल चौकाचा विचार ऑफिसबाहेर न करणे.
दाढी करताना कुठेतरी टुक-टुक आवाज येत होता. नळ गळत असणार. प्लंबरला फोन केला.

४ फेब्रुवारी, मंगळवार
मोठ्या साहेबांनी खुलासा मागितलाय. कसला, तर चौदा जानेवारीचा. त्या दिवशी हॉस्पिटल चौकात झेब्रावरून जाताना एक म्हातारे गृहस्थ गाडीखाली आले. जागीच गेले. वाईट झालं. माझा संबंध इतकाच की त्या सिग्नलच्या वेळा मी ठरवल्यात. पण शहरातल्या सगळ्याच सिग्नलच्या मीच ठरवतो. म्हणजे खास असा संबंध नाही.
हिशोब सोपा आहे. रस्ता एकवीस मीटर साठ. माणूस सेकंदाला एक मीटर वीस चालतो. भागाकार केला की अठरा सेकंद. मी अठरा दिलीत. अठरा सेकंद पुरतात. दोन ओळींचा खुलासा. उद्या देतो.

५ फेब्रुवारी, बुधवार
प्लंबर आला. म्हणाला, नळ ठणठणीत आहे. तरी वॉशर बदलायला लावला. त्याला चहा दिला, सोबत म्हणून मीही घेतला. साखर त्याच्यासाठी घातली होती.
तो गेल्यावर पुन्हा टुक-टुक. हिला विचारलं. ही म्हणाली, कसला आवाज?
खुलासा उद्या.

६ फेब्रुवारी, गुरुवार
खुलाशाआधी पार्श्वभूमी द्यायला हवी. मोठ्या रस्त्यावर ओळीने सात सिग्नल. पूर्वी प्रत्येकाला थांबावं लागे. गेल्या मे महिन्यात मी सगळ्यांच्या वेळा एकमेकांशी अशा बांधल्या की ताशी पंचेचाळीसने निघालेल्या गाडीला सातही हिरवे मिळावेत. मी तिला हिरवी लाट म्हणतो. यंदाच्या उत्कृष्ट कामाच्या मानचिन्हासाठी साहेबांनी तिचंच नाव पाठवलंय.
ही म्हणते, मला चौथ्याला रोज थांबावं लागतं. चौथा म्हणजे हॉस्पिटल चौक. हिला सांगितलं, तू पंचेचाळीसने चालवत नाहीस. ही म्हणाली, काटा बघून चालवते. बायकांना काटा नीट वाचता येत नाही. (हे तिला बोललो नाही.)

१० फेब्रुवारी, सोमवार
भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला. टुक-टुक त्याचीच होती. निकाल लागला.

११ फेब्रुवारी, मंगळवार
नाही लागला. आज जेवताना आवाज पुन्हा ऐकू आला. आधी सावकाश, मग भराभर. आंधळ्यांसाठी आपण झेब्रावर असाच आवाज लावतो; वेळ संपत आली की तो घाई करतो. केवळ साम्य. घड्याळ बंद असल्याने हिला निघायला उशीर झाला. माझ्याशी बोलत नाही. शांतता मिळाली तर बरंच आहे. आवाज नीट शोधता येईल.

१२ फेब्रुवारी, बुधवार
पोलिसांचे कागद वाचले. नकाशात गृहस्थ जिथे पडले ती जागा फुटपाथपासून बारा मीटरवर. साक्षीदार म्हणतो, त्यांनी एक हात वर केला होता. गाडीवाल्याला हिरवा मिळालेला होता, कॅमेऱ्यात दिसतं. म्हणजे त्याची चूक नाही. गृहस्थ हिरव्यातच उतरले होते. त्यांचीही नाही. अशी प्रकरणं असतात, ज्यात कोणाचीच चूक नसते. खुलाशात हे वाक्य घ्यायचं.
हात वर कशाला केला असेल?

१३ फेब्रुवारी, गुरुवार
निर्णय घेतला. शंका नको म्हणून शास्त्रीय पाहणी करणार. रोज चारला स्टॉपवॉच घेऊन हॉस्पिटल चौकात, शंभर माणसांचा वेग मोजायचा. एक मीटर वीस सिद्ध झालं की प्रश्न मिटला. अपराधीपणाची भावना वगैरे यात नाही. तशी असती तर मी तिकडे फिरकलोच नसतो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
बावीस माणसं मोजली. सरासरी पंच्याण्णव सेंटिमीटर आली. पण त्यात काठीवाले तीन. ते वगळले. पोटुशी बाई वगळली. पिशव्यावाल्या वगळल्या, कारण पिशव्या हा दोष रस्त्याचा नाही. प्लास्टर घातलेला एक, तो हॉस्पिटलात चालला होता. वगळला. हातात हात धरून जाणारं जोडपं मुद्दाम रेंगाळत होतं. उरले कॉलेजचे चौघे. त्यांची सरासरी एक मीटर एकतीस. चला.
एक निरीक्षण: जवळजवळ सगळेच शेवटची पावलं पळतात. लोकांना शिस्त नाही. वेळेवर निघत नाहीत.

१७ फेब्रुवारी, सोमवार
एक बाई येतात. सत्तरीच्या पुढच्या, करड्या रंगाची शाल. फुटपाथच्या कडेला उभ्या राहतात. हिरवा लागतो, त्या उतरत नाहीत. लाल लागतो. पुन्हा हिरवा. उतरत नाहीत. आज सहा वेळा हिरवा गेला. मग मागे वळून गेल्या.
तक्त्यात यांच्यासाठी रकाना नाही. वगळल्या.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
कानाच्या डॉक्टरकडे गेलो. कान उत्तम आहेत म्हणे. आवाज कधीपासून येतो विचारलं. मी म्हटलं, साधारण चौदा जानेवारी, दुपारी चार दहा. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. अंदाजे, म्हटलं.
शालवाल्या बाई आजही होत्या. सात हिरवे.

१९ फेब्रुवारी, बुधवार
आज बाई आपणहून बोलल्या. विचारलं, रोज काय लिहिता हो? मी म्हटलं, काकू, लोक कसे चालतात याचा अभ्यास करतो. म्हणाल्या, त्यात काय अभ्यासायचं, सगळेच चालतात की. मग म्हणाल्या, आमचे हे इथेच गेले.
मी कागद खाली ठेवला.
पलीकडे बाग आहे. रोज चारला दोघं तिथे जायचे. त्या दिवशी काकूंना सर्दी होती म्हणून त्या घरी थांबल्या. आता इथवर येतात, पुढे पाय उचलत नाही. मी विचारलं, केवळ अभ्यासापोटी, की त्यांनी हात का वर केला असेल. त्या हसल्या. म्हणाल्या, ते नेहमीच करायचे. गाड्यांना थांबावं लागतं याची त्यांना लाज वाटायची. गुडघे धरलेले ना. थांबा नव्हे हो, माफ करा म्हणून.
आज बाकीची पाहणी झाली नाही. प्रकाश अपुरा होता.

२० फेब्रुवारी, गुरुवार
सगळीकडे हात दिसतात. लिफ्टमध्ये एकाने दार अडवायला हात वर केला. शाळेच्या भिंतीवरच्या चित्रात पोरांचे हात. मीही आज मोठ्या साहेबांच्या दाराशी हात वर केला. ते म्हणाले, काय हो, शाळेत आहात का?
केवळ गंमत म्हणून एक हिशोब केला. धरलेल्या गुडघ्यांचा माणूस सेकंदाला ऐंशी सेंटिमीटर चालतो असं समजू. अठरा सेकंदांत तो चौदा मीटर चाळीस जाईल. म्हणजे बारा मीटरवर असताना गाड्या सुटायलाच नकोत. पोलिसांनी फीत चुकीची धरली. त्यांना मोजता येत नाही, हे मी पहिल्यापासून म्हणतोय.
ऐंशीने अख्खा रस्ता ओलांडायला सत्तावीस लागतात. सहज नोंदवून ठेवतो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
खुलासा दिला. वेळा मानकाप्रमाणे, अठरा सेकंद, दोष नाही. साहेब खूश. मानचिन्हही नक्की झालं म्हणाले.
घरी आलो. ही आज बोलली. म्हणाली, तुझा चेहरा असा का झालाय? मी म्हटलं, साखर बंद केल्यामुळे. ही म्हणाली, साखर तू कधी बंद केलीस?

२२ फेब्रुवारी, शनिवार
सुटी. कपाट आवरायला घेतलं. जुन्या वेळांचा कागद सापडला. सापडला म्हणजे, होताच तिथे. मीच ठेवला होता, कुलुपात.
माझ्या आधी हॉस्पिटल चौकात पायी जाणाऱ्यांना सत्तावीस होती. मीच अठरा केली. नऊ काढल्याशिवाय लाट चौथ्या सिग्नलला फुटत होती. तिथे हॉस्पिटल आहे, म्हातारी माणसं येतात, हे मला तेव्हाही माहीत होतं. मानकांच्या पुस्तकात लिहिलंय, सरासरी माणूस धरू नका, सावकाश चालणारा धरा. पान दुमडलेलं आहे. दुमडलं मीच.
एवढं लिहून पंधरा मिनिटं बसलो. आवाज येत होता. उठून बघितलं नाही.
संकल्प, एकच. सोमवारी सत्तावीस करायची. कोणाला न सांगता.

२४ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी १२
सिग्नल दुरुस्तीचा वायरमन मला भेटलेला सगळ्यात शांत माणूस आहे. त्याला घेऊन चौकात गेलो. त्याने खांबाशेजारचा डबा उघडला. मी रुबाबात म्हटलं, अठराच्या जागी सत्तावीस कर. त्याने आत पाहिलं. म्हणाला, साहेब, इथे अठरा नाहीयेत.
मग किती आहेत?
बारा.
गेल्या जूनमध्ये वीज गेली तेव्हा या डब्याची आठवण पुसली गेली. तेव्हापासून तो कारखान्यातून येतानाच्या वेळांवर चालतोय. माझी योजना इथे जेमतेम महिनाभर चालली. हिरवी लाट आठ महिने चौथ्या सिग्नलवर येऊन फुटत होती. ही रोज थांबत होती.
मी त्याच्यावर ओरडलो, सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, नोंदवहीत लिहिलं होतं. ऑफिसात येऊन वही उघडली. अकरा जून. चौथा सिग्नल मूळ वेळांवर गेला आहे, नवीन भरून मिळाव्यात. खाली शेरा: पाहिले. त्याखाली सही. माझी. वळण सुरेख आहे. वाचल्याचं आठवत नाही.
मी आठवडाभर स्टॉपवॉच घेऊन तिथे उभा होतो. प्रत्येक माणूस मोजला. सिग्नल एकदाही मोजला नाही. लोक शेवटची पावलं का पळतात, हे समोर दिसत होतं.
पोलिसांनी फीत बरोबर धरली होती. बारा सेकंद, ऐंशीच्या चालीने, साडेनऊ मीटर. त्यावर घाईची तीन पावलं. हात वर.
वायरमनने सत्तावीस भरून दिली. मी समोर उभा राहून मोजली. सत्तावीस होती.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
दुसरा खुलासा लिहिला. पहिला चुकीचा आहे, वेळ बारा होती, मला कळवलं होतं, मी सही केली. मोठ्या साहेबांनी दोनदा वाचला. दार लावून घेतलं. म्हणाले, पहिला उत्तम होता, प्रकरण मिटलंय, तुम्हाला विश्रांतीची गरज आहे. मी म्हटलं, मानचिन्ह नको. ते म्हणाले, नाव कोरून झालंय.
त्यांनी कागद परत केला. मी तो आवकच्या टेबलावर नेऊन शिक्का मारून घेतला. कारकून म्हणाली, साहेब, यावर नंबर पडला की परत काढता येत नाही हं. मी म्हटलं, टाक.
पोचपावतीवर सही वाकडी आली. चहा जास्त झाला असेल.
नाही. चहा एकच झाला होता.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नका, असं पत्र आलं. हिला वाचून दाखवलं. सगळंच सांगितलं. हिने पत्राची घडी घातली. मग म्हणाली, त्या बाईंना सांगितलंस का?
मी म्हटलं, कार्यालयीन बाब आहे, त्यांना रीतसर कळवलं जाईल.
ही म्हणाली, कोण कळवणार?

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
चारला गेलो. स्टॉपवॉच नेलं नाही. काकू होत्या तिथेच. मी कोण ते सांगितलं. अठरा माझे होते, बारा माझ्या सहीचे होते, आणि मी नंतर इथे उभा राहूनही पाहिलं नाही. पाठ करून गेलो होतो, तरी क्रम चुकला.
त्या ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शाल सारखी केली. विचारलं, बारा सेकंद म्हणजे किती हो? मला नाही त्यातलं समजत.
मी म्हटलं, मोजून दाखवतो.
मोजायला लागलो. मोठ्याने, सावकाश, सेकंदाला एक. समोर गाड्या जात होत्या. नऊपर्यंत गेलो. तिथेच थांबलो.
मग पुढचे त्यांनीच मोजले. दहा. अकरा. बारा.
म्हणाल्या, एवढंच?
मी म्हटलं, हो.